यादीत नाव येईल, म्हणून रक्तच द्यायचं नाही का?

प्रश्न

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लाइन लीडर आहे. वय ४३. माझ्या लाइनवर २८ जण, त्यातले १९ ठेकेदाराचे. शिफ्ट दर आठवड्याला फिरते. गेल्या वर्षी कॅन्टीनमध्ये शुगरचा कॅम्प झाला. एक जण बोटाला टोचून आकडा मोठ्याने सांगायचा, दुसरा लिहून घ्यायचा. माझ्या लाइनवरच्या एका पोराची ३१२ निघाली, सगळ्यांनी ऐकली. वय ३४, अंगाने काडी. यादी एचआरकडे गेली आणि पुढच्या सोमवारपासून ठेकेदाराने त्याला बोलावलंच नाही. कारण कुणी सांगितलं नाही. आता पुढच्या महिन्यात ‘वेलनेस वीक’ आहे. झुम्बा, पावलं मोजायची स्पर्धा, एक ॲप आणि सगळ्यांचं रक्त. एचआर म्हणतं, तुझ्या लाइनची शंभर टक्के हजेरी पाहिजे. पोरं म्हणतात, त्या दिवशी दांडी. एक जण तर म्हणतो, कॅम्पची शुगर खोटीच असते, वडापाव खाऊन गेलं की वाढते. मी काय सांगू त्यांना?

आणि थोडं माझं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं. नडगीला पत्रा लागला होता, जखम भरायला दीड महिना गेला. चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलला. वडिलांना शुगर होती, शेवटी पायाचा अंगठा काढावा लागला. घरी बोललो नाही. कर्जाचे दोन हप्ते चालू आहेत.

– एक लाइन लीडर, चाकण

उत्तर

नमस्कार दादा,

पोरांचा प्रश्न तुम्ही सविस्तर मांडलात आणि स्वतःचं दुखणं शेवटच्या चार ओळींत उरकलंत. मी उलट्या बाजूने सुरुवात करते. कॅम्पला अजून महिना आहे आणि तुम्ही तेवढं थांबावं असं मला वाटत नाही.

रात्रीची लघवी, न भरणारी जखम, बदलता नंबर आणि वडिलांचा आजार हे सगळं एकाच माणसात दिसलं की मी त्याला ‘कॅम्पात बघू’ म्हणत नाही. तुम्हाला मधुमेह आहेच, असं पत्रावरून सांगता येणार नाही. पण याच आठवड्यात तपासून घ्या, कंपनीच्या बाहेर, तुमच्या सोयीच्या लॅबमध्ये. तो रिपोर्ट फक्त तुमच्या हातात येईल. लॅबचा खर्च नको असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासणं सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमातच आहे, त्याचे पैसे पडत नाहीत.

मात्र तुमच्या फिरत्या शिफ्टमुळे एक घोळ होऊ शकतो. उपाशीपोटी म्हणजे निदान आठ तास पाण्याशिवाय काहीही नाही, चहासुद्धा नाही. नाइट संपवून सकाळी साडेसातला रक्त दिलंत आणि मध्यरात्री दोनला कॅन्टीनमध्ये जेवला असाल, तर तो रिपोर्ट उपाशीपोटीचा ठरत नाही, कागदावर काहीही छापलेलं असो. म्हणून फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यातली साप्ताहिक सुट्टीची सकाळ धरा. तोवर थांबायचं नसेल तर एचबीएवनसी करा. ती मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते आणि तिला उपास लागत नाही. दोन्ही एकदम केल्या तर उत्तम.

आकडे असे वाचायचे. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त, यातलं काही आलं तर मधुमेह. लक्षणं नसलेल्या माणसावर एकाच आकड्यावरून शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. तुमच्यासारखी लक्षणं असताना मात्र केव्हाही घेतलेली साखर २०० किंवा जास्त आली की निदान झालं असं धरतात. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ मध्ये आली तर तुम्ही उंबरठ्यावर आहात, आणि तिथून मागे फिरता येतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

वजन झपाट्याने उतरतंय, खूप तहान लागते, त्यात उलट्या, धाप किंवा गुंगी सुरू झाली, तर सुट्टीची आणि लॅबची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे तुमच्यासाठी आहे आणि लाइनवरच्या प्रत्येकासाठी.

चष्म्याचं सांगते, कारण यात लोकांचे पैसे उगाच जातात. रक्तात साखर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर हलतो. साखर ताब्यात आल्यावर तो पुन्हा सरकतो. तेव्हा रिपोर्ट आल्याशिवाय तिसरा चष्मा करू नका. निदान झालंच तर पहिल्याच महिन्यात डोळ्याचा पडदा तपासून घ्या, लघवीतलं प्रथिन बघा आणि तळपायाची संवेदना बघायला सांगा. मधुमेह कळतो त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो, म्हणून निदानाच्या दिवशीच अनेकांच्या डोळ्यांत किंवा पायांत बिघाड सापडतो. तुमच्या वडिलांच्या अंगठ्याची गोष्ट बहुधा तो कापण्याच्या पुष्कळ वर्षं आधी सुरू झाली असणार.

आता नोकरीची भीती.

ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण तिच्यात माझाही हात लागला आहे. मी नवीन डॉक्टर असताना एका कारखान्याच्या डिस्पेन्सरीत होते. वार्षिक तपासणी झाली, मी साखर वाढलेल्यांची यादी केली आणि पर्सोनेल विभागाने मागितली तेव्हा नावांसकट देऊन टाकली. मला वाटलं, ते लोकांना मदत करतील. त्या यादीतल्या एका क्रेनवाल्याला आठवड्याभरात खाली गोडाऊनला बसवलं. त्याची साखर जेमतेम वाढलेली होती, अजून एक गोळीही सुरू नव्हती, त्या हाताने तो वर्षानुवर्षं क्रेन चालवत होता. भत्ता गेला. त्यानंतर तो डिस्पेन्सरीची पायरी चढला नाही. तीन वर्षांनी दिसला तेव्हा पायाला पट्टी होती आणि मांडीपर्यंत सूज. त्याने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्या पट्टीशी माझ्या यादीचा संबंध आहे, हे मी तेव्हापासून मनातून काढू शकलेले नाही. त्यानंतर मी नावांची यादी कुणालाच दिली नाही, आणि न देण्याचा हक्क डॉक्टरला आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट लिहिलंय की रुग्णाची गोष्ट डॉक्टरने बाहेर फोडायची नाही. न्यायालयाचा आदेश, दुसऱ्याच्या जिवाला मोठा धोका आणि सरकारला कळवावेच लागणारे आजार एवढेच अपवाद. मधुमेह त्यातल्या कशातच येत नाही. पगार कंपनी देते म्हणून कंपनीचा डॉक्टर या नियमातून सुटत नाही. त्याच आचारसंहितेप्रमाणे तुम्ही तुमची कागदपत्रं मागितलीत तर ती ७२ तासांत मिळायला हवीत.

तुम्ही कायम कामगार आहात असं मी धरते. कायम माणसाला काढायला कारण लागतं, रीतसर प्रक्रिया लागते. मधुमेह असलेली माणसं आज प्रेस शॉपमध्ये आहेत, पेंट शॉपमध्ये आहेत, कंपन्यांच्या वरच्या मजल्यांवर आहेत. काम बदलण्याची वेळ क्वचित येते, आणि तीसुद्धा विशिष्ट औषधामुळे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी, नुसत्या तिने साखर एकदम खाली जाणं दुर्मीळ आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी ती जाऊ शकते, विशेषतः जेवण चुकलं तर. तुम्ही यंत्राजवळ किंवा उंचावर काम करत असाल तर डॉक्टरला ते आधी सांगा, म्हणजे औषध तसं निवडता येतं. कुणाला कामावर घाम सुटला, हात थरथरले, बोलणं तुटक झालं तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, आणि त्याला यंत्रापासून दूर बसवा. तुमच्या लाइनवरच्या प्रथमोपचार पेटीत ग्लुकोजची पुडी असायला हवी. उद्या उघडून बघा.

ठेकेदाराच्या पोराची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला फार लागली. त्याचा फोन नंबर तुमच्याकडे नक्की असेल. आज फोन करा. ३१२ हा आकडा वर्षभर तसाच राहिला असेल तर तो माणूस धोक्यात आहे. नोकरी गेल्याच्या धक्क्यात त्याने औषध सुरू केलं असेल याची मला शंका वाटते. नव्या ठिकाणी ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापलं जात असेल तर (महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असणारे त्यात येतात) ईएसआयच्या दवाखान्यात औषध फुकट मिळतं. नसेल तर सरकारी केंद्रात मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड मिळतात. त्याच्याबरोबर एक चक्कर मारा, एकटा तो जाणार नाही.

त्याच्या निमित्ताने वडापावच्या मुद्द्याचं उत्तर देऊन टाकते. निरोगी माणूस वडापाव, वर जिलेबी आणि गोड चहा पिऊन बसला तरी त्याचं शरीर साखर ३१२ वर जाऊ देत नाही. दोन तासांत ती साधारण १४० च्या खाली येते. तेव्हा ‘खाऊन गेलो म्हणून वाढली’ हे दीडशेच्या आकड्याबाबत एखादवेळी चालेल, तीनशेबाबत नाही. आणि ‘अंगाने काडी’ म्हणून शुगर होणार नाही, हे आपल्याकडे कधीच खरं नव्हतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर आपण बारीक दिसतो आणि चरबी पोटात साठलेली असते. तुमच्या पोरांना त्या दोन आकड्यांची गोष्ट सांगा, ती त्यांच्या लक्षात राहील.

कॅम्पची शुगर खोटी असते या म्हणण्यात मात्र थोडं तथ्य आहे आणि ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे. बोटावरचं यंत्र साधारण १५ टक्के इकडेतिकडे दाखवू शकतं. बोटाला केळ्याचा, गुळाचा, सरबताचा अंश असेल तर आकडा फुगतो, म्हणून साबणाने हात धुऊन, कोरडे करूनच टोचायचं. कूलंटचे हात घेऊन रांगेत उभं राहायचं नाही. उलटी चूक मला जास्त काळजीची वाटते. शिरेतून रक्त घेतलं, नळ्या कॅन्टीनच्या टेबलावर ठेवल्या आणि लॅबची गाडी चार तासांनी आली, तर तेवढ्या वेळात रक्तातल्या पेशीच ती साखर खात राहतात. दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के. सकाळचे १३५ लॅबमध्ये पोहोचेपर्यंत ११० च्या आसपास किंवा त्याहून खाली आलेले असतात आणि माणसाला ‘नॉर्मल’चा कागद मिळतो. तो कागद तो पुढची पाच वर्षं पाकिटात घेऊन हिंडतो. साखरेसाठी राखाडी झाकणाची नळी लागते, आणि तरीही रक्त लवकरात लवकर लॅबला जायला हवं. कॅम्पवाल्यांना हा एक प्रश्न विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसरी लॅब मागा.

एचबीएवनसीलाही एक बाजू आहे. चाकणला गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबारकडची पुष्कळ पोरं काम करतात. त्या भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलमध्ये हा आकडा फसवा असतो, बरेचदा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. ट्रिमच्या किंवा पॅकिंगच्या लाइनवर रक्त कमी असलेल्या मुली असतील तर त्यांचा लोहाच्या कमतरतेमुळे उगाच जास्त दिसू शकतो. अशांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघायची.

आता तुमचा मूळ प्रश्न, पोरांना काय सांगायचं. दांडी मारू नका असं सांगा, पण त्याआधी तुम्ही एचआरच्या केबिनमध्ये जा. शंभर टक्के हजेरी त्यांना हवी आहे आणि ती तुमच्याशिवाय होणार नाही. इतकं वजन तुमच्या हातात वर्षातून एकदाच येतं.

पहिलं, आकडा मोठ्याने बोलला जाणार नाही. पडदा किंवा वेगळी खोली, आणि निकाल बंद पाकिटात किंवा ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. दुसरं, एचआरला फक्त बेरीज मिळेल. इतक्या जणांची तपासणी झाली, इतक्यांची साखर वाढलेली, बस. तीही पूर्ण कारखान्याची, लाइनप्रमाणे नको, कारण २८ जणांच्या लाइनीत ‘तीन जण’ म्हटलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिन्ही नावं सगळ्यांना कळतात. तिसरं, ठेकेदाराला काहीच जाणार नाही, आणि ठेकेदाराच्या पोरांनाही तेच पाकीट, तोच डॉक्टर. हे तिन्ही लेखी घ्या, नोटीस बोर्डावर लावायला सांगा. तोंडी ‘काळजी करू नका’वर परत येऊ नका. ॲपचंही विचारा. त्यात भरलेली माहिती कोण बघणार, कुठे राहणार? याचं उत्तर कागदावर मिळेपर्यंत पोरांनी ते मोबाइलमध्ये घेऊ नये.

यातलं बरंचसं एचआर मान्य करेल असं मला वाटतं. पुष्कळदा त्यांनी वाईट हेतूने यादी मागितलेली नसते, तपासणीच्या पाकिटात ती आयती येते आणि कुणी थांबवत नाही म्हणून टेबलावर पडते. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत, त्यांत चाळिशीपुढच्या कामगाराची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी ही मालकाची जबाबदारी आहे. म्हणजे हा वेलनेस वीक कुणाची मेहेरबानी नाही. तुम्ही ४३ चे आहात, हक्काने बोला.

चौथी मागणी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच नेहमी राहून जाते. टोचून झाल्यावर पुढे काय? ज्याचा आकडा जास्त आला त्याची पक्की तपासणी दोन आठवड्यांत, कंपनीच्या खर्चाने, भरपगारी वेळेत. त्यानंतर औषध सुरू झालं का, तीन महिन्यांनी साखर किती, हे विचारणारी एक ठराविक व्यक्ती, डिस्पेन्सरीतली सिस्टर किंवा डॉक्टर. हे ठरलेलं नसेल तर कॅम्प घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या आसपास जास्त जोखमीच्या लोकांना बोलावून मधुमेहाची तपासणी केली आणि साधारण दहा वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. २०१२ साली निष्कर्ष छापला गेला, आणि बोलावलेल्या गटात मृत्यू कमी झालेले नव्हते. तिथे किमान न बोलावलेल्यांचीही सरकारी डॉक्टरशी नेहमी गाठ पडत असते. आपल्याकडे तर सुईनंतर माणूस पुन्हा रांगेत हरवतो.

झुम्बाबद्दल मी कडक आहे. अमेरिकेत एका मोठ्या दुकान-साखळीच्या १६० ठिकाणी काम करणाऱ्या जवळपास ३३ हजार लोकांवर वेलनेस कार्यक्रमाचा अभ्यास झाला, २०१९ साली तो ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. काही दुकानांत कार्यक्रम दिला, बाकीच्यांत नाही. दीड वर्षाने कार्यक्रमवाले म्हणाले, आम्ही आता जास्त व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो. रक्त तपासलं तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत फरक नाही. गैरहजेरी आणि औषधाचा खर्चही तेवढाच. आठ तास उभं राहून वर चार तास ओटी (ओव्हरटाइम) केलेल्या माणसाला पावलं मोजायच्या स्पर्धेत उतरवणं मला तर अन्यायच वाटतो. तो पैसा पक्क्या तपासण्यांना वापरा म्हणावं.

पण म्हणून जगण्यातले बदल फुकट आहेत असं समजू नका. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरची ५३१ माणसं घेतली. साधी नोकरदार, मध्यमवर्गीय माणसं. रोज अर्धा तास चालणं, साखर-मैदा-तेल आवरणं, आणि मुख्य म्हणजे पुन्हा पुन्हा भेटून, फोन करून विचारपूस. तीन वर्षांनी नुसता सल्ला मिळालेल्यांतल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, या गटात ३९ टक्क्यांना. हे २००६ साली छापलं गेलं. त्या आकड्यांमागे ती विचारपूस आहे, झुम्बाचा एक दिवस नाही.

तुमच्या कंपनीत सगळ्यात जास्त साखर कुठून येते माहीत आहे? चहाच्या पिंपातून. शिफ्टमध्ये आणि ओटीत मिळून पाच-सहा कप, प्रत्येकात दोन चमचे, आधीच मिसळलेली. नको असली तरी टाळता येत नाही. कॅन्टीन कमिटीत सांगून एक पिंप बिनसाखरेचं करून घ्या, बाजूला साखरेचा डबा. हवी त्याने घालून घ्यावी. याला खर्च नाही, उलट वाचतो. नाइटला मध्यरात्री भाताचा डोंगर आणि बटाट्याचा रस्सा असतो, त्याऐवजी मोठं जेवण शिफ्टला येण्याआधी घरून करून यायचं आणि मध्यरात्री उसळ-भाकरी, ताक, उकडलेली अंडी असं हलकं. उसळ रोज ठेवायला कॅन्टीनवाला कुरकुरेल. एक दिवसाआड तरी मिळवा. रात्री जागून खाल्लेलं शरीराला दिवसासारखं पेलत नाही आणि वर्षानुवर्षं नाइट करणाऱ्यांना मधुमेहाचा धोका जास्त असतो. शिफ्ट आठवड्याला फिरवायची की पंधरवड्याला, याबद्दल कामगारांना कुणी विचारतच नाही. तुम्ही कमिटीत असाल तर तोही विषय काढा.

आणि सेफ्टी शूज. साखर असलेल्या माणसाच्या पायाला घट्ट बूट चावतो तेव्हा त्याला कळतच नाही. घरी आल्यावर मोजे काढून तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्या बघायच्या, दुसऱ्या दिवशी बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवायचा, कारण धातूचा कीस आत पडलेला असतो. तुमच्या वडिलांना हे कुणी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. तुम्ही तुमच्या पोरांना सांगा.

सगळ्यांना टोचायच्या आधी कोणाला जास्त गरज आहे ते कागदावरही कळतं. चेन्नईच्या डॉ. मोहन यांनी भारतीयांसाठी शंभर गुणांचा एक सोपा तक्ता केला आहे. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, पुरुषाची कंबर ९० ते ९९ सेंटिमीटर असेल तर १०, आणि व्यायाम नाही, काम बसून असेल तर ३०. साठ झाले की जोखीम जास्त. टेप घेऊन लाइनवर पाच मिनिटांत होतं, आणि माणूस स्वतःचा हिशोब स्वतः करतो. ज्यांचे साठ भरतील ते कॅम्पला आपणहून येतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. तुम्हाला मात्र लक्षणं आहेत, तेव्हा तुम्ही टेपच्या भानगडीत न पडता थेट रक्त द्या.

घरी सांगायचं राहिलं. हप्त्यांचं ओझं तुम्ही एकटे उचलताय असं दिसतं. वहिनींना आज ना उद्या कळणारच आहे, रात्री तीनदा उठणारा माणूस शेजारी झोपलेल्याला कळत नाही असं नसतं. त्यांना लॅबमध्ये बरोबर घेऊन जा. औषध सुरू झालं तर जेवण दोघांचं बदलणार आहे, आणि मुलांना आजोबांचा वारसा आहे हे त्यांनाही माहीत असावं. मधेच कुणी ‘चाळीस दिवसांत मुळापासून’ म्हणत पावडरचा डबा आणेल. तो घेऊ नका, आणि सुरू झालेली गोळी त्या डब्याच्या भरवशावर बंद करू नका.

रिपोर्ट आला की आकडे लिहून पाठवा, उपाशीपोटी किती आणि शेवटचं काय किती वाजता खाल्लं होतं त्यासकट. आणि त्या पोराचा फोन लागला का, तेही कळवा.